बदाम सात

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ सुक्या मेव्याच्या दुकानात थोडा वेळ नुसतं उभं राहिलं, तरी आपल्या समाजाच्या समजुतींचा चांगला अभ्यास होतो. रमजानचे दिवस असोत, दिवाळीचा बाजार असो की लग्नसराई. गिऱ्हाईक पोत्यातले दोन बदाम उचलतं, एक तोंडात टाकतं आणि विचारतं, ‘चांगला कोणता?’ त्यावर दुकानदाराचा ठरलेला उलटा प्रश्न येतो. ‘ताई, खाने को होना, शिरखुर्मे को होना, की बच्चों के दिमाग को होना?’

या प्रश्नात दुकानदाराचं सगळं शास्त्र आहे. शिरखुर्म्यासाठी कॅलिफोर्निया चालतो, कारण त्याचे काप छान पडतात. खाण्यासाठी गुरबंदी, तो लहान आणि तेलकट. आणि ‘दिमाग’ म्हटलं, की बरणी उघडते ती मामऱ्याची. वाकडातिकडा, सुरकुतलेला, किमतीला कॅलिफोर्नियाच्या दुप्पट-तिप्पट. गंमत अशी, की पैसे मोजताना शिरखुर्म्याचं गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण दिमागाचं गिऱ्हाईक करत नाही. मुलाची दहावी असेल तर मुळीच नाही.

मी आहारसल्ल्याचं काम करते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गेली वीसएक वर्षं माझ्यासमोर बसून लोक आपल्या जेवणाचा पाढा वाचतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, ‘बदाम मात्र रोज खातो हं!’ भाजी खाल्ली का, ताक घेतलं का, या प्रश्नांना लोक चाचरत उत्तर देतात. बदामाचं उत्तर मात्र छाती पुढे काढून. जणू चार बदाम खाल्ले, की बाकीच्या चोवीस तासांचा हिशेब चुकता झाला!

तेव्हा आज या बदामाचा हिशेब मांडू या.

बदाम हा मुळात आपल्या मातीतला नव्हे. शब्दसुद्धा फारसीतून आलेला. संस्कृतात त्याला ‘वाताम’ म्हणत आणि चरकसंहितेत अक्रोडाच्या पंगतीत त्याचा उल्लेख आहे. पचायला जड, उष्ण, स्निग्ध आणि बळ देणारा, असे त्याचे गुण सांगितले आहेत. त्यातला ‘पचायला जड’ हा गुण आपण सोयीस्करपणे विसरलो आणि ‘बळ देणारा’ तेवढा लक्षात ठेवला. सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय, की गुजरातेत इराणहून येणारे कडू बदाम चक्क चिल्लर म्हणून चालत. एका पैशाला अमुक बदाम असा भाव असे. कडू असल्यामुळे चलन कुणी खाऊन टाकण्याची भीती नाही! आणि आपल्या अंगणात, शाळेच्या आवारात मोठ्या पानांचं जे ‘बदामाचं झाड’ असतं, ज्याची लालसर फळं दगडाने फोडून आपण बालपणी खाल्ली, त्याचा या बदामाशी काही संबंध नाही. ते झाड हिरडा-बेहड्याच्या कुळातलं. खरा बदाम हा पीच, जर्दाळू, आलुबुखार यांचा सख्खा भाऊ. त्यांचा गर खायचा आणि याची बी, एवढाच फरक. खुबानी का मीठा करणाऱ्या घरांना हे नातं सांगायला नको. जर्दाळूची बी फोडून आतला ‘बदाम’ वर पेरायची रीत हैदराबादी मुलखात आहेच.

आज जगातल्या बदामांपैकी बहुतांश, ढोबळमानाने पाचातले चार, एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे.

आता त्या बदामात असतं काय ते बघू. एका बदामाचं वजन साधारण सव्वा ग्रॅम. शंभर ग्रॅम बदामांत, म्हणजे ऐंशीएक दाण्यांत, सुमारे ५८० कॅलरी, २१ ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १२ ग्रॅम तंतू असतात. निम्मा बदाम म्हणजे तेल, असं म्हटलं तरी चालेल. पण हे तेल बरंचसं ऑलिव्हच्या तेलाच्या जातीचं आहे, हृदयाला त्रास न देणारं. जीवनसत्त्व ‘ई’ ही बदामाची खरी श्रीमंती. शंभर ग्रॅमला २५ मिलिग्रॅम, या बाबतीत त्याचा हात धरणारे पदार्थ थोडेच. शिवाय मॅग्नेशियम भरपूर. कोलेस्टेरॉल अजिबात नाही, पण ते कुठल्याच वनस्पतीत नसतं, तेव्हा पाकिटावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं पाहून हुरळून जायचं कारण नाही.

काय नसतं, तेही ऐकून ठेवा. ओमेगा-३ जवळजवळ नाही, ते हवं असेल तर आपलं जवस किंवा अक्रोड. बी-१२ नाही. आणि ‘कॅल्शियमसाठी बदाम खाते’ असं सांगणाऱ्या मैत्रिणींसाठी एक हिशेब: एका पेलाभर दुधातलं कॅल्शियम बदामांतून मिळवायचं, तर सत्तरहून जास्त बदाम खावे लागतील.

तुम्ही म्हणाल, मग एवढा गवगवा कशासाठी? गवगव्याला आधार आहे, आणि तो हृदयाच्या बाबतीत भक्कम आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या हजारो लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा कवचाची फळं खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं. त्याआधी डॉक्टर मंडळी ‘तेलकट’ म्हणून सुका मेवा बंदच करायला सांगत. पुढे २००२ मध्ये टोरोंटोच्या डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. रोज सुमारे ७३ ग्रॅम बदाम खाल्ल्यावर वाईट कोलेस्टेरॉल नऊ टक्क्यांनी उतरलं, ३७ ग्रॅम खाल्ल्यावर साडेचार टक्क्यांच्या आसपास.

या प्रयोगातली दोन गोम मात्र वर्तमानपत्राच्या चौकटीत येत नाहीत. पहिली म्हणजे ३७ ग्रॅम म्हणजे तीस बदाम! आपण चार खातो आणि फळ तीस बदामांचं मागतो. दुसरी त्याहून महत्त्वाची. हे बदाम त्या रुग्णांनी एरवीच्या खाण्यावर ‘आणखी’ खाल्ले नव्हते. प्रयोगात बदामांच्या जागी इतर वेळी मफिन, म्हणजे एक प्रकारचा केक, दिला जात होता. ‘ऐवजी’ आणि ‘शिवाय’ या दोन शब्दांत सगळं आहारशास्त्र सामावलेलं आहे, असं मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगते. संध्याकाळच्या फरसाणाऐवजी बदाम, हे औषध. फरसाण खाऊन वर बदाम, ही नुसती भर.

आणखी एक गोष्ट वाचकांना माहीत असावी. बदामावरच्या अनेक संशोधनांना कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाने पैसा पुरवलेला असतो. म्हणून ती खोटी ठरत नाहीत, पण शेंगदाण्यावर किंवा कारळावर कुणी एवढा खर्च का केला नाही, हे कळतं. अलीकडे, २०२३ मध्ये, दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना तीनही जेवणांआधी अर्धा तास २० ग्रॅम बदाम दिले आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. ऐकायला छान. पण दिवसाला ६० ग्रॅम म्हणजे जवळजवळ पन्नास बदाम आणि साडेतीनशे कॅलरी. तेवढ्या कॅलरींची पोळी-भात कमी केल्याशिवाय हा उपाय अंगाशीच यायचा; आणि घरातल्या एका माणसाला महिन्याला जवळजवळ दोन किलो बदाम! किती जणांना झेपेल?

कॅलरींबद्दल एक दिलाशाची गोष्ट मात्र सांगायला हवी. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की अख्ख्या बदामातली सगळी ऊर्जा शरीराला मिळतच नाही. कितीही चावला तरी काही तेल पेशींच्या आवरणात अडकून तसंच बाहेर पडतं. मूठभर बदामांच्या, म्हणजे २८ ग्रॅमच्या, कागदावर १७० कॅलरी होतात, प्रत्यक्षात १३०च्या आसपासच हाती लागतात. पण बदामाची पूड करून दुधात घोटलीत, की ही सवलत बरीचशी गेली.

आता त्या ‘दिमागा’कडे येते. बदाम खाल्ल्याने मुलाची स्मरणशक्ती वाढते, गुण वाढतात, असं सिद्ध झालेलं नाही. मामऱ्यानेही नाही आणि कॅलिफोर्नियानेही नाही. उपाशीपोटी शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळी काही खायला मिळालं तर त्याचं लक्ष लागतं, हे खरं. पण ते काम पोहे, उपमा, भाकरी-दूधही करतात.

हे मी एवढं निक्षून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या शहरातली एक बाई मुलाला घेऊन आली. दहावीतला मुलगा, वजन वाढत नाही ही तक्रार. रोज रात्री ती अकरा मामरा बदाम भिजवायची, सकाळी सोलून मुलाला द्यायची. नवऱ्याला पाच, त्यांना बीपी आहे म्हणून. सासऱ्यांना चार. मी लिहून घेत होते. लिहिता लिहिता वर पाहिलं. बाईचा चेहरा पांढराफटक, नखं सपाट, जिना चढून आल्याची धाप अजून बसलेली नव्हती.

‘आणि तुम्ही किती खाता?’

‘मला कशाला हो ताई? मला कुठं परीक्षा द्यायचीय?’

तिला डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं पावणेआठ. आणि तिच्या घरच्या हिशेबाची वही पाहिली, तर महिन्याच्या किराण्यात बदामाचा आकडा डाळींपेक्षा मोठा होता. पालेभाजी महाग वाटते म्हणून आठवड्यातून एकदा, आणि ती वाढताना हिच्या वाट्याला भांडं पुसायला उरेल तेवढीच.

ही एक बाई नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या आहेत. आपल्या घरात बदाम मोजून दिला जातो, आणि मोजताना कुणाकुणाला वगळलं जातं, ते एकदा बघा. जी भिजवते आणि सोलते, तिच्या हातात बहुधा सालंच राहतात.

तिने बदाम खाल्ले असते, तर रक्त वाढलं असतं का? तर तेही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. सात बदामांतून मिळतं ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे शंभरातला एक हिस्सा. तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी बदामाचे पैसे वळवायला सांगितले. अर्ध्या पैशांत मेथी-चवळईची भाजी, मोड आलेली मटकी, हळिवाचे लाडू आणि जेवणात लिंबाची फोड. लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा जेवणाला लागून घ्यायची ती सवय तोडायला मात्र दोन महिने लागले. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं. बदाम बंद केले नाहीत. त्या घराचा त्याच्यावर जीव होता. फक्त मामरा जाऊन साधा आला, आणि घरातल्या चौघांना सारखे मिळू लागले. मुलगा पास झाला, पहिल्या वर्गात. बदामाने नव्हे, अभ्यासाने.

अशा वेळी मला आपल्याकडचा शेंगदाणा आठवतो. त्याला गरिबांचा बदाम म्हणतात, आणि त्यात त्याचा अपमानच आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं २५ ग्रॅम, बदामापेक्षा जास्त. ऊर्जा जवळजवळ तेवढीच. रक्तासाठी लागणारं फोलेट बदामाच्या कितीतरी पट. बदाम पुढे आहे तो जीवनसत्त्व ‘ई’, कॅल्शियम आणि तंतू यांत. पण कॅल्शियम हवं तर न सोललेले तीळ बदामाच्या तिपटीहून जास्त देतात. पाव किलो बदामाच्या पैशांत शेंगदाणे किलोभराहून जास्त येतात. मराठवाड्याच्या ताटातली शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची आणि कारळाची चटणी एकत्र केली, तर बदामापुढे मान खाली घालायचं कारण उरत नाही. फक्त शेंगदाणे काळपट, सुरकुतलेले, बुरशीच्या वासाचे असतील तर निवडून फेकून द्या. ती बुरशी यकृताला घातक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारमार्गदर्शिका काढली, तिच्यात दोन हजार कॅलरींच्या ताटात सुका मेवा आणि तेलबिया मिळून ३५ ग्रॅम धरले आहेत. लक्षात घ्या, मिळून. दाण्याचं कूट, चटणी, तीळ, बदाम, काजू सगळं त्यातच. ज्या घरात भाजीत कूट पडतं आणि ताटात चटणी असते, तिथे वीसेक ग्रॅम तिथेच झाले. मग बदामासाठी राहतात दहा-बारा ग्रॅम. म्हणजे सात ते दहा बदाम.

म्हणून कुणी ‘किती खाऊ?’ असं विचारलं, की मी म्हणते, बदाम सात! पत्त्यांच्या डावातली बदामाची सत्ती आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, आकडा विसरला जात नाही. सात बदाम म्हणजे पन्नास कॅलरी, अर्ध्या पोळीएवढ्या. दोन ग्रॅमला थोडं कमी प्रथिन, दोन मिलिग्रॅमहून थोडं जास्त जीवनसत्त्व ‘ई’. वजनाची काळजी नसणाऱ्याने दहा खाल्ले तरी बिघडत नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल आणि संध्याकाळची शेव, बिस्किटं, वडापाव खरोखर सोडायची तयारी असेल, तर त्या जागी मूठभर, म्हणजे वीस-तेवीस, खुशाल खावेत. मीठ लावलेले, तळलेले, मधात घोळलेले यात धरू नयेत, आणि बदाम बर्फी तर नाहीच नाही.

कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान बदाम-खसखस घोटून थंडाई पितात, ते पाहून काही सुखवस्तू गृहस्थ वाडगाभर बदाम दुधात वाटून घेतात. पैलवान त्याआधी किती जोर-बैठका मारतो, हे ते विचारत नाहीत. खुराक पैलवानाचा आणि दिवसभराची बैठक खुर्चीतली, मग पोट वाढलं तर दोष बदामाचा नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा बदाम देऊ नका. तो श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. पूड करून खिरीत, लापशीत घाला. पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या आणि ओठ सुजणं, पुरळ, उलटी असं काही झालं तर लगेच डॉक्टरकडे न्या. शाळकरी मुलांना पाच-सात पुरे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि ऑक्झलेटचे मुतखडे पुन्हा पुन्हा होणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा नेम धरू नये, कारण बदामात ऑक्झलेट बरंच असतं.

भिजवायचे की नाहीत? दातांना त्रास होत असेल, कवळी असेल, तर जरूर भिजवा. चावायला सोपे जातात, हाच त्याचा मुख्य फायदा. भिजवून त्यांचे गुण दुप्पट होतात वगैरे खरं नाही. साल काढण्याचा आग्रहही सोडून द्यायला हरकत नाही. तंतू आणि उपयुक्त रंगद्रव्यं सालीतच जास्त. ज्यांना साल जड वाटते त्यांनी काढावी, बाकीच्यांनी सकाळची ती पाच मिनिटं वाचवावीत. सकाळी उपाशीपोटीच खावे असंही काही नाही. चार वाजताच्या भुकेला ते जास्त उपयोगी पडतात.

आणि एखादा कडू निघाला, तर ‘औषधी असेल’ म्हणून गिळू नका. कडू बदामात अमिग्डालिन असतं आणि त्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. मोठ्या माणसाला एका दाण्याने काही होत नाही, पण तो थुंकून चूळ भरावी. कडू बदाम जास्त निघणारा माल, विशेषतः स्वस्तातला बारीक गुरबंदी, लहान मुलांच्या हाती देऊ नये.

घेताना एकदम दोन किलो घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. चौघांच्या घरात माणशी सात धरले, तर पाव किलो बदाम आठवडाभर जातात. किलोभर आणला की महिना निघतो. तुकडे आणि काप स्वस्त मिळतात, पण ते लवकर खवट होतात, तेव्हा अख्खेच घ्यावेत. एक फोडून बघा: आत पांढरा आणि घट्ट हवा, पिवळट झाला असेल किंवा जुन्या तेलाचा वास येत असेल तर दुकानदाराला परत करा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर फ्रिजमध्येच.